इंदुरात फाशीविरुद्ध काम सुरू करायचं म्हणता, तर

तुम्ही लिहिलंय की सुदामानगरातले तुम्ही सात-आठ जण आहात, सगळे नोकरदार, वकील एकही नाही. फाशीची शिक्षा नसावी असं मनापासून वाटतं. १० ऑक्टोबरला, म्हणजे फाशीविरोधी जागतिक दिनाला, रीगलवर गांधी पुतळ्यापाशी मेणबत्त्या घेऊन उभं राहायचा विचार आहे. त्यापुढे काय करावं, आपलीच माणसं अंगावर आली तर काय बोलावं, आणि वकील नसलेल्याला यात खरंच काही करता येतं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण मीही वकील नाही. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे, राजेंद्रनगरात राहते. माळवा-निमाडातल्या ज्या लोकांना फाशी सुनावली गेली, किंवा सुनावली जाईल अशी धास्ती होती, त्यांच्या गावी जायचं, घरी बसायचं, त्यांच्या आयुष्याचे कागद आणि ओळखणारी माणसं शोधायची आणि ते सगळं वकिलाच्या हाती द्यायचं, हे मी गेली अठरा वर्षं करते. भाषण मला जमत नाही. जमलं असतं तरी या कामात त्याचा फार उपयोग झाला असता असं नाही.

मेणबत्त्या लावायच्या तर लावा. गाड्या पाच मिनिटं हळू होतील, एखाद्या पेपरात फोटो येईल. पण त्याच आठवड्यात धारला, बडवानीला, नाहीतर आपल्याच जिल्हा कोर्टात कुणाच्या तरी शिक्षेवर सुनावणी होईल. आरोपीचा वकील उठेल आणि तीन वाक्यं बोलेल: आरोपी तरुण आहे, गरीब आहे, त्याचा हा पहिलाच गुन्हा आहे. मग बसेल. ही तीन वाक्यं मी इतक्या निकालपत्रांत वाचलीत की पान उलटायच्या आधीच ओळखू येतात. तुमचं काम या तीन वाक्यांच्या पुढे सुरू होतं.

फाशी म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्ली येते. राष्ट्रपती, सुप्रीम कोर्ट, तिहार. पण अलीकडे या कायद्यात जे बदललं त्यातलं बरंचसं आपल्या बसच्या टप्प्यातल्या गावांमधून आलं आहे. खंडव्याचा ‘अनोखीलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ हा खटला बघा. घटना ३० जानेवारी २०१३ ची, फाशी सुनावली ४ मार्चला. ज्या दिवशी आरोप निश्चित झाले त्याच दिवशी मोफत वकील नेमला गेला. चालान, म्हणजे आरोपपत्र, वाचायला तरी त्याला कधी वेळ मिळाला असेल? डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला, खटला नव्यानं चालवायला सांगितलं आणि देशभरासाठी घालून दिलं की जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे असा वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा आणि तयारीला साधारण ७ दिवस तरी मिळायला हवेत. त्या माणसाला पुढे पुन्हा फाशी झाली, पुन्हा ती टिकली नाही, आणि मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. अकरा वर्षांनी.

आणि आपला राजवाडा. एप्रिल २०१८ मध्ये उघड्यावर आई-बापांजवळ झोपलेलं काही महिन्यांचं बाळ उचलून नेलं आणि मारलं. त्या दिवसांत मलाही झोप लागत नव्हती, आणि शहर चिडलं होतं याचं मला आजही नवल वाटत नाही. मे महिन्याच्या मध्याला निकाल लागला, फाशी झाली, इतक्या झटपट निकालाचं कौतुक झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला: बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती, खटला पुन्हा चालवा. घाईनं त्या आईला काय दिलं? साडेपाच वर्षांनी परत पहिली पायरी. न्याय लवकर हवा असं म्हणणाऱ्यांना मी हाच खटला सांगते, आणि तो सांगताना आवाज चढवत नाही.

तिसरा खटला मराठी माणसासमोर बोलायला सगळ्यांत अवघड. जून २०११ मध्ये इंदुरातल्याच एका मराठी घरातल्या तीन पिढ्यांच्या तिघी बायका भर दिवसा मारल्या गेल्या. त्यानंतर आपल्या वस्त्यांमधून किती दारांना साखळ्या लागल्या ते मी पाहिलंय, माझ्याही दाराला लागली, अजून आहे. तिघांना फाशी झाली, हायकोर्टानं कायम केली. २० मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ती जन्मठेपेत बदलली, किमान २५ वर्षं सुटका नाही अशी. ‘मनोज विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ म्हणून हा निकाल देशभर सांगितला जातो आणि माझं रोजचं काम त्याच्यावरच उभं आहे. फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, कमाई, मनाची अवस्था, जेलमधलं वागणं, या सगळ्याची माहिती कोर्टापुढे यायलाच हवी, सरकारनंही ती द्यायला हवी, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही, आणि तीही खटल्याच्या सुरुवातीपासून गोळा व्हायला हवी, असं त्यात आहे. त्या कुटुंबाला मी कधी भेटलेले नाही. त्यांच्या दुःखाबद्दल बोलायचा मला काही अधिकार नाही, आणि तुम्हांलाही नाही. हे गटातल्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

आपल्या राज्याचा कल दुसऱ्या बाजूला आहे हेही ठाऊक असू द्या. बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार केला तर फाशी, असं विधेयक देशात पहिल्यांदा मध्यप्रदेशच्याच विधानसभेनं डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं. सरकारी वकिलांना बक्षिसासाठी गुण देण्याची योजनाही इथलीच होती, फाशी मिळवली की १००० गुण. गणिताची बाई म्हणून सांगते, गुण लावले की विद्यार्थी त्याच प्रश्नाची तयारी करतो.

आता प्रत्यक्ष काम. दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं यांच्यात कायद्यानं वेगळी सुनावणी लागते. प्रत्यक्षात त्या दोहोंमध्ये कधी एक रात्र असते, कधी नुसती जेवणाची सुट्टी. तेवढ्या वेळात एखाद्याचं आयुष्य गोळा होत नाही. म्हणून मोफत वकिलाशी ओळख आधी हवी. मोफत वकील नेमणाऱ्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, तिथे खुनाचे आणि पॉक्सोचे, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे, खटले कोण लढतंय ते विचारा, आणि त्या वकिलांना सांगा की आम्ही तुमच्यासाठी गावी जाऊ, भाड्याचे पैसे आमचे. पहिल्या वेळी ते तुम्हांला चहा पाजून वाटेला लावतील. तिसऱ्या वेळी एखादा फाइल उघडेल. बरेच वकील वाईट नसतात हो, त्यांना अलीराजपूरला जाऊन यायला दिवस नसतो आणि मानधनात पेट्रोलही बसत नाही.

गावी गेल्यावर काय होतं ते एकाच दिवसावरून सांगते. गावाचं नाव नको. मी आणि एक तरुण वकील गंगवाल स्टँडवरून सकाळच्या बसनं निघालो, पुढे जीप, पुढे पायी. मुलाचं वय चालानमध्ये २२ लिहिलेलं, त्याची आई म्हणत होती की मोठ्या पुराच्या वर्षी झाला. कुठला पूर, कुठलं वर्ष, तिला सांगता येईना. शाळेत गेलो. दोन खोल्या. हेडमास्तरांनी पत्र्याची ट्रंक ओढली, त्यातून दाखल-खारिजचं रजिस्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई फिकी झालेली. त्या नावाचा मुलगाच नाही. अर्धा तास गेला. मग आई, जी उंबऱ्याशीच उभी होती, हळूच म्हणाली, शाळेत त्याला मामाने घातलं, मामा त्याला वेगळ्या नावानं हाक मारायचा. ते नाव सापडलं. स्कॉलर नंबर सापडला. जन्मतारीख १ जुलै.

१ जुलै बघून हुरळू नका. आपल्याकडे ज्या मुलाची तारीख माहीत नाही त्याला मास्तर शाळा सुरू होण्याचा दिवस देऊन टाकतात; अशा वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकच. सरकारी वकिलालाही हे माहीत असतं. पण अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, कुठल्याही कोर्टात मांडता येतो, आणि कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, मग पंचायत किंवा नगरपालिकेचा, आणि हाडांची तपासणी अगदी शेवटी. पुण्याच्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेल्या राजस्थानी मुलाचं काय झालं ते वाचा. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २८ वर्षं आत होता. त्याला बाहेर काढलं त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल्यानं.

आमचा मुलगा मात्र रजिस्टरप्रमाणे १९ चा निघाला. तो मुद्दा तिथेच संपला. तरी मी पानाची नक्कल मागितली, कारण त्या पानावर आणखी काही होतं: दुसरीत नाव कमी, कारण ‘पलायन’, म्हणजे मजुरीसाठी घरानं गाव सोडणं. दोन वर्षांनी पुन्हा दाखल, परत सहा महिन्यांत कमी. हेडमास्तर शिक्का मारायला तयार होईनात. “मॅडम, हा तोच ना, पेपरातला?” मी म्हटलं, हो, तोच. बराच वेळ ते रजिस्टर धरून उभे राहिले. मग म्हणाले, हा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन यायचा, तिचं नाव पटावर नव्हतं, तरी मधल्या वेळच्या जेवणाला तिला शेजारी बसवायचा आणि स्वतःच्या ताटातलं द्यायचा. हे लिहून द्याल का, असं विचारल्यावर नाही म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला सही केली.

‘पलायन’ या एका शब्दाचा पाठपुरावा करायला आणखी चार महिने लागले. बाप गोध्र्याकडे दगड दळायच्या कारखान्यात कामाला गेलेला, धुळीनं फुप्फुसं भरून परतलेला, खोकून खोकून गेला. झाबुआ-अलीराजपूरच्या शेकडो घरांची ही गोष्ट आहे, सिलिकोसिस हा शब्द तिथे अंगणवाडीतल्या बाईलाही माहीत असतो. बापाच्या औषधाचं पुडकं आईनं मक्याच्या कोठीत जपून ठेवलेलं होतं. त्यात दवाखान्याची चिठ्ठी, एक्स-रे, सावकाराचा हिशेब. मुलगा त्या वेळी अकराचा, पुढे गुजरातेत विटांच्या भट्टीवर. त्यानं केलेला गुन्हा भयंकर होता, तो यानं बारीक होत नाही. हायकोर्टात फाशीची जन्मठेप झाली. त्यात त्या पानाचा वाटा किती, हे मला सांगता यायचं नाही. निकालात दोन परिच्छेद आहेत त्याबद्दल.

तर असे कागद. शाळा, समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), रेशनकार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मजुरीची हजेरी, आधीच्या मारहाणीचे किंवा डोक्याला मार लागल्याचे पुरावे. आणि माणसं: मास्तर, दाई, ठेकेदार, शेजारीण. एका भेटीत काही मिळत नाही. पहिल्या भेटीत घरचे लोक आपला मुलगा किती चांगला एवढंच सांगतात. बापानं मारल्याचं, आजोबांना वेड लागल्याचं तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं, तेही तुम्ही वही बंद केल्यावर. निमाडी आपल्याला बरीचशी कळते, भिली कळत नाही. दुभाष्या घ्या, पण सरपंचाला किंवा त्याच्या माणसाला दुभाष्या म्हणून बसवू नका, घर गप्प होतं. तुमच्यात बँकेतलं कुणी असेल तर सोनं समजा. तारखांप्रमाणे कागद लावणं, प्रत्येक नक्कल कुठून, कधी, कुणाच्या सहीनं मिळाली हे नोंदवणं, हे काम वकिलापेक्षा निवृत्त रोखपाल चांगलं करतो.

जेलच्या दाराशीही काम आहे आणि ते दिसत नाही. बंद्याला त्याचे नातेवाईक आणि वकील भेटतात, तुम्हांला सहसा कुणी आत सोडणार नाही. पण ज्या आईला भेटायचं असतं तिच्या आधारवरचं नाव आणि जेलच्या कागदावरचं नाव जुळत नाही, ई-मुलाकातीचं बुकिंग तिला येत नाही, आणि दीडशे किलोमीटर येऊन ती त्याच दिवशी परत जाते. एकदा अशीच एक बाई फडक्यात मक्याच्या भाकरी बांधून आलेली. आत नेता आल्या नाहीत. भेटही झाली नाही, नावात एका अक्षराचा फरक होता. समोरच्या टपरीवर बसून तिनं ते फडकं सोडलं आणि भाकरी आमच्या पुढ्यात ठेवल्या, परत कुठे न्यायच्या म्हणाली. आम्ही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं नाव दुरुस्तीचा अर्ज भरला. तुमच्यातले जे गावी जाऊ शकत नाहीत त्यांनी हे करावं.

आता माझी चूक, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही कोर्टाबाहेर टेबल टाकून सह्या गोळा करायला बसलो. ज्या मुलीचा जीव गेला होता तिचा मामा तिथे आला. ओरडला नाही. कागद वाचला आणि विचारलं, माझ्या भाचीसाठी सही कुठे करायची? आमच्याकडे तसा कागद नव्हता. टेबल उचललं. तेव्हापासून निकालाच्या आसपास महिनाभर आम्ही तोंड उघडत नाही, आणि आमच्यातले दोघं फक्त पीडितांच्या घरांसाठी काम करतात: मध्यप्रदेश अपराध पीडित प्रतिकर योजना २०१५ ची, त्यातून मिळणारी भरपाई कित्येक घरांनी मागितलेलीच नसते, तिचे अर्ज भरणं, पेशीच्या दिवशी सोबत जाणं, बालसाक्षीदाराला शाळेत परत बसवणं. ते दोघं आरोपींच्या घरी जात नाहीत. फाशीचा विषय काढत नाहीत. क्षमा करा असं चुकूनही म्हणत नाहीत; असं म्हणणारा एक स्वयंसेवक मी घरी पाठवलाय.

याच ओघात एक कायद्याची गोष्ट. बलात्काराच्या खटल्यात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, ती जिवंत नसली तरीही. फोटो, आई-बापाचं नाव, गल्ली, शाळा, काहीही फॉरवर्ड करू नका. आणि चालू खटल्याबद्दल पेपरवाल्यांशी बोलू नका, वकिलाची अडचण होते.

आपल्या माणसांशी कसं बोलावं, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी फार हरलेय यात. एका भजनी मंडळात मला ‘सामाजिक विषयावर’ बोलायला बोलावलं, मी सरळ फाशीवर बोलले, आणि पहिल्या पाच मिनिटांत एका काकूंनी विचारलं, तुझ्या नातीचं असं झालं असतं तर? मी म्हटलं, मला नाही माहीत. यावर खूप चटपटीत उत्तरं आहेत, मी ती ऐकलीत, पण खरं उत्तर एवढंच आहे. त्या दिवशी पुढे कुणी बोललं नाही, पोहे मात्र आले. वयस्कर पुरुषांकडे दुसरा हुकमाचा पत्ता असतो: पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात चौघांना लटकावलं, तेव्हाच पुणं निवांत झालं, असं. वाद घालू नका. त्या पिढीनं ती भीती अंगावर काढली आहे.

पुढे गणपतीत त्याच काकूंच्या घरी मोदक वळताना मी नाशिकच्या खटल्याची गोष्ट सांगितली, नुसती गोष्ट म्हणून. भटक्या समाजातले सहा मजूर. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही परत फाशीवर आणलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं, फेरविचारात, सांगितलं की यांच्यातल्या कुणीच गुन्हा केला हे सिद्ध होत नाही, सोडा, प्रत्येकाला ५ लाख द्या. सोळा वर्षं झाली होती. काकूंचा हात थांबला. मधल्या काळात दिली असती तर, असं त्यांनीच विचारलं. मी काही उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी फाशीविरोधी वगैरे काही म्हटलेलं नाही, पण नावदुरुस्तीच्या अर्जांचं झेरॉक्सचं बिल त्याच भरतात.

जुन्या इंदुरी घरांत आणखी एक वाट आहे, बावला प्रकरणाची. १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, इंदूर दरबारशी लागेबांधे असलेली माणसं पकडली गेली, तिघांना फाशी सुनावली, आणि पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली. हुकूम कुणाचा होता हे कुठल्याच कोर्टात सिद्ध झालं नाही. आज्या-पणज्यांकडून ऐकलेली ही कुजबुज ज्यांच्या घरात आहे त्यांना, दोर कुणाच्या गळ्यात पडतो आणि कुणाच्या नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि १४ एप्रिलला महूला जात असाल तर हेही सोबत न्या: तिथेच जन्मलेल्या बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीची शिक्षाच रद्द करावी, या बाजूनं आपलं मत नोंदवलं होतं, अहिंसेचा आधार देऊन. महूच्या मंडपात हे सांगितलं की लोक थांबून ऐकतात.

आकडे विचारतील लोक, तेव्हा हे पुरेत. २००० पासून आजवर देशात प्रत्यक्ष फाशी आठ जणांना झाली, त्यातले चौघे एकाच पहाटे, २० मार्च २०२० ला. २०२४ मध्ये सत्र न्यायालयांनी १३९ जणांना फाशी सुनावली आणि वर्षाअखेर ५६४ जण फाशीच्या छायेत होते. म्हणजे फाशी होते फार थोड्यांना, तिची वाट शेकडो बघतात. विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी ती रद्द करा असं म्हटलं आहे. यापलीकडे आकडे पाठ करू नका, समोरचा दुसरे आणतो.

फाशी सुनावलीच तर घाबरून दिल्लीला पत्रं पाठवत सुटू नका. हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, आपल्या भागातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते इथलंच इंदूर खंडपीठ. अपिलाला ३० दिवस असतात. दयेच्या अर्जाचं गणित मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं, १ जुलै २०२४ पासून, कडक केलं आहे: सुप्रीम कोर्टातलं सगळं संपल्याचं जेल अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, बंद्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा, राज्यपालांनी फेटाळला तर पुढच्या ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. ३० दिवसांत कुणाचंही आयुष्य नव्यानं गोळा होत नाही, म्हणून खालच्या कोर्टाच्या वेळी जमवलेली फाइल जपून ठेवा, एक प्रत घरी, एक वकिलाकडे. अर्ज फेटाळला तरी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालामुळे १४ दिवसांची मुदत, घरच्यांना सूचना आणि शेवटची भेट हे हक्क आहेत. उशीर हेही कारण ठरतं. लहान मुलांच्या अपहरण-खुनांत दोषी ठरलेल्या कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये त्यावरच जन्मठेपेत बदलली. आणि ज्यांच्या वेळी मनोज निकालातली माहिती कोर्टापुढे आलीच नव्हती त्यांना सगळं संपल्यावरही शिक्षेचा मुद्दा पुन्हा मांडता येतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे. तुमच्या वकिलाला हे माहीत नसेल तर न लाजता सांगा.

पैशांचं एवढंच: माणशी पाचशे रुपये महिना, हिशेब भिंतीवर. बंद्याच्या घरच्यांना रोख देऊ नका, तिकीट काढून द्या. साक्ष देणाऱ्याला तर चहाही त्याच्याच घरचा प्यायचा, नाहीतर उलटतपासणीत तो चहाही येतो.

तर १० ऑक्टोबर व्हायच्या आधी एक फेरी मारून बघा. एका वकिलाकडून एक फाइल, एक गाव, दोन माणसं, त्यातली एक बाई असावीच. गंगवालवरून पहिली बस पकडा. ओळखपत्र, वकिलाचं पत्र, दोन पेनं, शिक्क्यासाठी स्टॅम्प पॅड (शाळेतलं बहुधा वाळलेलं असतं), पाणी, डबा. शनिवारी जाऊ नका, ट्रंकेची किल्ली ज्याच्याकडे असते तो शनिवारी हटकून रजेवर असतो. आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून घ्या.